ई३ कार्डची कोॲक्स केबल बदलली आणि एरर सुरू झाले, माझा अनुभव

राउटरचं ई३ लाइन कार्ड बदलायचं होतं, ई३ म्हणजे टेलिकॉमची ३४.३६८ एमबीपीएसची जुनी लिंक, प्रत्येक पोर्टला कोॲक्स केबलीचे दोन बीएनसी कनेक्टर (फिरवून लॉक होणारे), एक टीएक्स (सिग्नल पाठवणारा) एक आरएक्स (सिग्नल घेणारा). रात्री अकराला हातात ईएसडी बँड (अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणूनचा पट्टा) घातला, आधी सगळ्या केबलींना लेबलं लावली (हे कंटाळा न करता कराच, नंतर टीएक्स-आरएक्स उलटं लागलं की एलओएस, म्हणजे सिग्नलच मिळत नसल्याचा अलार्म, येतो आणि माणूस उगाच कार्डाला दोष देत बसतो) आणि मग एकेक काढली. बीएनसी कधी केबल धरून ओढू नका, कॉलर धरायची, थोडी आत दाबायची, डावीकडे पाव फेरा, मग आपोआप सुटते. शेजारचे पोर्ट इतके चिकटून की बोटंच जाईनात, तेव्हा बीएनसीचं लांब टूल लागतं.

एका केबलची मधली पिन वाकलेली निघाली, म्हणून स्टोअरमधली दुसरी लावली. लिंक वर आली पण एरर काउंटर थांबेचना! कार्ड पुन्हा बसवलं, पोर्ट बदलला, काहीच फरक नाही. शेवटी टीएक्स-आरएक्सला जुन्याच चांगल्या केबलीने लूप दिला, म्हणजे कार्डाचा सिग्नल त्याच्याकडेच परत वळवला, तर काउंटर शून्यावरच राहिला, म्हणजे कार्ड ठीक. मग टॉर्च मारून नव्या केबलीवरचं छापलेलं वाचलं, आरजी-५८, म्हणजे ५० ओम इम्पिडन्सची (केबलीचा सिग्नलला होणारा विरोध), ई३ ला ७५ ओमचीच लागते. दिसायला सारखीच हो. आरजी-५९ लावली, कॉलर खटकन लॉक झाली, काउंटर क्लिअर केला, सकाळपर्यंत एकही एरर नाही.