एका एकरात घोडा मोकळा सोडताय? या चुका टाळा

घोड्याला दिवसभर पागेत बांधून ठेवू नये, हे पटल्यावर अनेक हौशी मालक एकरभर जागेला कुंपण घालतात, अगाडी-पिछाडीचे दोर सोडतात आणि महिनाभरात निराश होतात. कारण घोडा फाटकाजवळच्या झाडाखाली शेपटी हलवत उभाच असतो. दोष घोड्याचा नसतो. नुसती जागा मोठी असून भागत नाही. चारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असेल, तर घोडा चालतो.

अमेरिकेतील नालबंद जेमी जॅक्सन यांनी १९८०च्या दशकात तिथल्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशातील रानटी घोड्यांचे निरीक्षण केले. ते घोडे ठरलेल्या वाटांनी फिरत असल्याचे पाहून त्यांनी कुंपणाच्या कडेने गोल वाट आखण्याची कल्पना मांडली. चौकोनी एकराची बाजू सुमारे २०८ फूट असते. कडेने १२ फूट रुंदीची वाट काढल्यास जेमतेम ९ गुंठे जातात आणि एका फेरीत सुमारे २४० मीटर चाल होते. मधल्या ३१ गुंठ्यांत गवत वाढवता येते. मात्र पावसाळ्यात ते कोवळे असताना घोड्याला एकदम आत सोडू नये; पोटशूळ उठतो, खुरांची आतून आग होऊन घोडा लंगडू लागतो.

वाट आखूनही सर्रास होणारी चूक म्हणजे हौद, गव्हाण आणि सावली एकाच कोपऱ्यात ठेवणे. आपल्या सोयीसाठी केलेली ही मांडणी घोड्याला खिळवून ठेवते. हौद एका टोकाला ठेवावा आणि वाळलेला चारा जाळीत भरून वाटेवर चार-पाच ठिकाणी टांगावा. चारा असो वा नसो, घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, त्यामुळे दोन वेळा भरपेट देण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे खाणे त्याला मानवते. जाळी मात्र इतकी खाली नको की त्यात पाय अडकेल, आणि चारा वाळूवर तर मुळीच टाकू नये. पोटात वाळू साचते.

दोन घोडे असतील तर वाट कुठेही बंद टोकाची नसावी. दबून राहणाऱ्या घोड्याला दुसऱ्याने कोपऱ्यात गाठले, तर लाथ चुकवायला जागाच उरत नाही. कोपरे गोलसर करावेत आणि चाऱ्याजवळ वाट २० फुटांपर्यंत रुंद करावी.

आपल्याकडची खरी परीक्षा काळ्या जमिनीत, आषाढात होते. हौदाभोवती टापांचे खळगे पडतात, त्यांत लीद आणि पाणी साचते, आणि पंधरा दिवसांत खुराच्या तळाला काळपट, कुबट वासाचा चिकट थर दिसू लागतो. नुसता मुरूम ओतून हे थांबत नाही. तो चिखलात गडप होतो. आधी वरच्या बाजूने चर काढून पाणी वळवावे, मऊ माती खरवडून काढावी, खाली जाड खडी दाबावी आणि मगच अणकुचीदार दगड वेचून काढलेला मुरूम पसरावा. सगळी वाट एकदम करण्याइतका पैसा नसेल, तर हौद, फाटक आणि चाऱ्याच्या जागा आधी कराव्यात.

काटेरी तार स्वस्त असली तरी घोड्यासाठी वापरूच नये. बुजलेला घोडा थेट तारेवर जातो. आतल्या बाजूला वीज वाहणारी रुंद पांढरी पट्टी आणि तिला जोडलेले झटका मशीन पुरते, पण तिच्यात घरचा वीजप्रवाह थेट सोडणे घोड्याच्या आणि माणसाच्याही जिवावर बेतते. शोभेसाठी लावलेली कण्हेर तर मुळासकट काढावी. तिची वाळलेली पानेही तितकीच विषारी असतात.

मांडणी जमली की नाही, हे सकाळी लीद उचलताना कळते. ती वाटभर विखुरलेली असेल तर घोडा फिरतो आहे. एकाच जागी साचत असेल तर तो तिथेच रेंगाळतो आहे, आणि तिथल्या दोन सोयींपैकी एक उचलून दूर नेली पाहिजे.