कापड मातीत खरंच कुजतं का? पेटीभर मातीत घ्यायची परीक्षा

इचलकरंजीत आमचे १२ माग आहेत, धोट्याचे. सासऱ्यांपासून खर्चीचं काम: सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आमची. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं माल विणला. प्लॅस्टिक मल्चिंगच्या जागी रानात अंथरायचं सुती आच्छादन. सूत 'शंभर टक्के कॉटन' म्हणून घेतलं होतं. शिरोळकडच्या एका शेतकऱ्यानं ढोबळी मिरचीसाठी २०० मीटर नेलं. हंगाम संपल्यावर त्यांचा फोन आला, "ताई, एकदा रानात येऊन बघून जावा."

रोटाव्हेटरच्या पात्यांना पांढरी जाळी गुंडाळली होती. मी ती बोटांनी सोडवली. कापूस कुजून गेला होता आणि त्यात मिसळलेलं पॉलिस्टर तसंच्या तसं उरलं होतं. सूत देणाऱ्यानं हात वर केले. पण विणण्याआधी तपासणं माझं काम होतं, आणि त्या काळ्या रानात राहिलेले धागे मला अजून सलतात. म्हणून आता मीटरभर नमुना विणून तो मातीत गाडल्याशिवाय मी बीम, म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रोळ, भरत नाही. २०२० साली केंद्रानं तांत्रिक वस्त्रांसाठी, म्हणजे पेहरावासाठी नव्हे तर कामाच्या वापरासाठी बनवलेल्या कापडांसाठी, १४८० कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, त्यात शेतीची कापडंही येतात. 'कुजणारं' म्हणून विकायला येणारे नमुने आता पुष्कळ असतात. त्यामुळे ही परीक्षा प्रत्येक मागवाल्याला यायला हवी.

आधी चार धागे जाळून बघा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला काळा कडक मणी होतो. मिश्रण कमी असेल तर मात्र हे फसवतं, म्हणून पुढची खटपट.

नमुन्यातली खळ काढून टाका. सायझिंगच्या, म्हणजे विणण्याआधी सुताला लावलेल्या खळीतल्या, स्टार्चवर बुरशी लगेच धरते आणि कापड आहे त्यापेक्षा लवकर कुजल्यासारखं दिसतं. अर्धा तास उकळा, दोन-तीन पाण्यांतून काढा, वाळवा. मग मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. डाग निळा-काळा पडला तर खळ आहे, पुन्हा उकळा. तपकिरीच राहिला तर पुढे जा.

पट्ट्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेनं कापा, फूटभर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद. दोन्ही कडांचे उभे धागे सुईनं एकेक ओढून काढा आणि रुंदी अडीचवर आणा. कात्रीनं कापलेली कड अर्धवट तुटलेले धागे ठेवते आणि ताकदीचा आकडा बिघडतो. प्रत्येक पट्टीत उभे धागे सारखे आहेत ना, मोजून घ्या. मी १५ पट्ट्या करते: १२ गाडायला, ३ न गाडता तोडून बघायला. शिवाय एक साक्षीदार पट्टी कपाटात राहते.

साक्षीदार कशाला? कापड हवेतलं पाणी पितं. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित हवेत, म्हणजे २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत, कोरड्या १०० ग्रॅम कापसात साधारण साडेआठ ग्रॅम पाणी असतं, तागात पावणेचौदा, पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आपल्याकडे आषाढातली हवा आणि चैत्रातली हवा यांत किती फरक! गाडलेल्या पट्टीबरोबर दर वेळी साक्षीदारही तोला. साक्षीदाराचं वजन जेवढं वाढलं, तेवढं हवेमुळे. काटा मी हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या ओळखीच्यांकडून घेतला, साध्या किराणा काट्यावर हे जमत नाही.

आता माती. रानातली चाळलेली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळू, समसमान. मूठ दाबली की लाडू व्हावा, पाणी गळू नये. खाली भोकं असलेल्या क्रेटमध्ये पट्ट्या वीतभर खोल, एकमेकींना न चिकटता आडव्या घाला. क्षारपड रानासाठी कापड देणार असाल तर त्याच रानातली माती आणून वेगळी पेटी लावा.

आणि हे विसरू नका: त्याच पेटीत खात्रीच्या शुद्ध सुती मांजरपाटाची एक पट्टी आणि पॉलिस्टरची एक पट्टी गाडा. तीन आठवड्यांत मांजरपाट हातात तुटायला लागला नाही, तर तुमची माती मेलेली आहे किंवा कोरडी पडली आहे. अशा पेटीचा निकाल कापडाबद्दल काहीच सांगत नाही. माझी पहिली पेटी अशीच वाया गेली. मी पाणी घालायला आठ दिवस विसरले होते.

२, ४, ८ आणि १२ आठवड्यांनी तीन-तीन पट्ट्या काढा. हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा, तोला. कापूस ओला असताना जास्त ताकद दाखवतो, म्हणून तोडताना सगळ्या पट्ट्या कोरड्याच हव्यात. वरचं टोक दोन लाकडी फळ्यांत आवळा, खालच्या टोकाला तशीच पकड आणि बादली. बादली जमिनीपासून बोटभरच वर ठेवा, पट्टी तुटली की पायावर यायला नको. लिटर-लिटर पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन वेगळं धरा.

वजनाआधी ताकद जाते. वजन थोडंसंच घटलेलं असतं आणि पट्टी निम्म्या पाण्यातच तुटते. म्हणून नुसतं तोलून निकाल देऊ नका. मिश्र सूत असेल तर आठव्या आठवड्याला पट्टी उजेडाकडे धरा: कापूस गेलेला, मधे विरळ चकचकीत जाळी. तो माल परत करा.

कुजणं फार लवकर झालं तरी काम फसतं. मिरचीला आच्छादन तीन-चार महिने टिकायला हवं. मातीखाली दाबलेली कड सगळ्यात आधी कुजते, मग वारा पूर्ण कापड उचलतो. मी आता दोन्ही कडांना काथ्याचे धागे घालते. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा सावकाश कुजणारा घटक, जास्त, तो मातीत कापसापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मधलं कापड सुतीच.

पेटीतली परीक्षा कापड तुटतं का एवढंच दाखवते. ते पूर्ण पचलं का, हे मोजायला बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. मातीत कुजणाऱ्या मल्चिंग फिल्मसाठी युरोपातलं २०१८ चं ईएन १७०३३ मानक २ वर्षांत कार्बन डायऑक्साइडमध्ये ९० टक्के रूपांतर मागतं. 'कंपोस्टेबल' या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. पीएलएसारखा, म्हणजे मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून केलेला प्लॅस्टिकचा, धागा ५८ अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये पचतो, आपल्या रानात तसाच पडून राहतो. तुमचा नमुना पेटीत पास झाला आणि मोठी ऑर्डर असेल, तर पुढचं काम प्रयोगशाळेचं. इचलकरंजीतच डीकेटीई या वस्त्र-अभियांत्रिकी महाविद्यालयात नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणता बनवलेल्या कापडांचं, सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तिथे चौकशी करा. जाताना पेटीचे आकडे वहीत घेऊन जा.

पट्ट्यांना कागदी चिठ्ठी बांधू नका, ती आधी कुजते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्यानं तारीख कोरा आणि नायलॉनच्या दोऱ्यानं बांधा. माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला सध्या चौथी पेटी आहे. बाराव्या आठवड्याच्या पट्ट्या अजून आत आहेत आणि त्या शिरोळच्या शेतकऱ्यांनी सांगितलंय, काढायच्या दिवशी मला बोलवा.