घरच्या माणसांना पुरेल अशी शेगडी: बार्बेक्यूची जाळी किती मोठी घ्यावी

बार्बेक्यू घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "घरात माणसं किती?" तुम्ही सहा म्हणता आणि दुकानदार 'सहा ते आठ जणांसाठी' असं छापलेला खोका पुढे सरकवतो. त्या आकड्यावर विसंबू नका. पहिल्या घाण्यात जाळीवरून काय काय आणि किती उतरायला हवं, यावर जाळीचं माप ठरतं.

भज्यांचा घाणा लहान असला तरी काही अडत नाही, कारण पुढचा चार-पाच मिनिटांत तयार होतो. कोंबडीची अख्खी तंगडी नीट भाजायला पाऊण तास लागतो. पहिल्या घाण्यात तिघांचंच भागलं, तर उरलेले तिघे पाऊण तास ताट धरून बसतात. मग धग वाढवायचा मोह होतो, वरून कोळसा होतो आणि हाडाजवळ मांस लाल राहतं. माझ्या पाहण्यात घरच्या बार्बेक्यूचा विरस होतो तो बहुतेक वेळा असाच.

म्हणून आधी कागद आणि कात्री घ्या. तुमच्या घरी जे खरोखर भाजलं जातं, त्याच्या मापाचे तुकडे कापा. आमच्याकडची मापं अशी. मध्यम बांगडा नऊ इंच लांब आणि आजूबाजूची फट धरून तीन-सव्वातीन इंच रुंद, म्हणजे साधारण 30 चौरस इंच. कोंबडीच्या अख्ख्या तंगडीला आठ बाय चार, म्हणजे 32. भरताचं वांगं सात बाय चार, 28. मक्याचं सोललेलं कणीस आठ बाय अडीच, 20. पनीर, कांदा, सिमला मिरची ओवलेली सळई दहा बाय दोन, तीही 20. वस्तू एकमेकींना चिकटवून मांडायच्या नाहीत. मधे चिमटा शिरला पाहिजे आणि उलटवताना शेजारचा मासा फाटता कामा नये.

यातून माझा हिशेब निघतो: पहिल्या घाण्यात माणशी एक मोठी वस्तू, म्हणजे 30 चौरस इंच. कणसं आणि सळया दुसऱ्या घाण्याला, कारण त्यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात आणि तोवर पहिलं खाऊन होतं. सहा माणसांचे 180 झाले.

पण 180 ची जाळी घ्यायची नाही. जाळीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचा आणि त्याखाली कोळसाही घालायचा नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बांगडा तेलकट मासा. त्याची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की भप्पकन जाळ उठतो. त्या क्षणी मासा बाजूला सरकवायला जागा नसेल तर तो जळतो, नाहीतर घाईत उचलताना तुटतो. तंगडीला तर ही थंड बाजू लागतेच. आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून रंग आणायचा, मग बाजूला सरकवून वर झाकण ठेवायचं आणि आतपर्यंत शिजू द्यायचं. कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की खायला सुरक्षित. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर मिळतो, तो हाडाला न टेकवता जाड भागात खुपसून बघायचा.

तर 180 म्हणजे दोन भाग, तिसरा भाग 90 चा, एकूण 270 चौरस इंच. 18 बाय 15 ची चौकोनी जाळी बरोबर एवढी होते. चार माणसांना याच हिशेबाने 180 लागतात, म्हणजे 18 बाय 10. आठ जणांना 360. गोल जाळी असेल तर व्यासाला व्यासाने गुणा आणि त्याला 0.785 ने गुणा. 14 इंची गोल जाळी सुमारे 154 चौरस इंच भरते, 18 इंची 254 आणि 22 इंची 380. चौदा आणि अठरा यांत नुसता चार इंचांचा फरक दिसतो, पण जागा दीडपटीहून जास्त वाढते. चौदाची जाळी नवराबायको आणि एक लहान मूल एवढ्यांनाच घ्यावी. टेप सोबत न्या आणि जाळीच मोजा. खोक्यावर कधी कधी कडेच्या फळ्या आणि मुठी धरून माप लिहिलेलं असतं.

आता आमच्या घरची गोष्ट, कारण बऱ्याच मराठी घरांत ही अडचण येणार. आम्ही सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. सासूबाई माळकरी. बाकी सगळे मासे-मटण खाणारे. माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे बांगड्याशिवाय माझी जाळी पेटतच नाही. सासूबाईंनी कधी अडवलं नाही, पण "माझं वांगं त्या जाळीवर नको गं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदी योग्य. एकाच मोठ्या जाळीवर मधे विटेचा तुकडा ठेवून अर्धी जाळी शाकाहारी म्हणायची, याला काही अर्थ नाही. माशाचं तेल उडतं, चिमटा इकडचा तिकडे जातो, आणि जेवणाऱ्या माणसाच्या मनात शंका राहिली तर त्या जेवणात काय राहिलं?

अशा घरात एक मोठी शेगडी घेऊ नका. एक मध्यम आणि एक लहान घ्या. आमची मध्यम 18 बाय 12 ची आहे, 216 चौरस इंच. पाच जणांचे दीडशे आणि रिकामा तिसरा भाग 75 धरला तर 225 हवेत, पण मुलांच्या तंगड्या लहान असतात, भागतं. लहान शेगडी 12 बाय 10 ची. तिच्यावर वांगी, पनीर, कणसं, बटाटे. चिमटा वेगळा, तेलाचा ब्रश वेगळा, आणि लहान जाळी घासायची तारही वेगळी. ही शेगडी नुसती सासूबाईंची म्हणून कोपऱ्यात पडून राहत नाही; तिच्यावरची कणसं सगळेच खातात. एकादशीला तर तीच एकटी पेटते. अख्खी रताळी सालासकट निखाऱ्याच्या कडेला ठेवायची आणि मऊ झाली की फोडून वर साजूक तूप. पाऊण किलो कोळशात काम होतं. मोठ्या शेगडीत पाऊण किलो कोळसा पसरला तर एवढा विरळ पडतो की धगच धरत नाही. गरजेपेक्षा मोठी शेगडी घेण्यातला तोटा हा. जागा अडते ते अडतेच, शिवाय दर वेळी दुप्पट कोळसा जाळावा लागतो.

लांबी-रुंदीइतकीच खोली बघा. निखारे आणि जाळी यांत अर्धी वीत, म्हणजे चार ते पाच इंच अंतर हवं. टेबलावर ठेवायच्या चपट्या स्वस्त शेगड्यांत कोळसा जवळजवळ जाळीला टेकतो. त्यावर पापड भाजावा, कोंबडी नाही. जाळी दोन-तीन उंचीच्या खाचांत बसवता येत असेल तर पैसे थोडे जास्त गेले तरी ती घ्या. धग बघायची सोपी रीत अशी: जाळीच्या उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर आच कडक, माशाला चांगली. पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, ती तंगडीला आणि वांग्याला. कोळसे धुमसत असताना काही ठेवू नका. वर पांढरी राख धरली की मगच.

खाली हवेला भोकं आणि त्याखाली राखेचा ट्रे असलाच पाहिजे. राख साचून भोकं बुजली की निखारे मरगळतात आणि मग पुठ्ठ्याने वारा घालून घालून हात दुखतो. कोळसा बाभळीचा मिळाला तर घ्या, तो दाट असतो आणि धग टिकवतो. पेटवायला रॉकेल-पेट्रोल बिलकूल नको. त्याचा वास अन्नाला लागतो आणि भडका उडतो तो वेगळाच. आमच्या मध्यम शेगडीला एका जेवणाला दीड किलो लागतो.

सळयांचं माप शेगडीबरोबरच ठरवा. सळई शेगडीच्या रुंदीवर आडवी बसते आणि तिची दोन्ही टोकं कडेच्या बाहेर यायला हवीत. बारा इंच रुंदीच्या शेगडीला सोळा इंची सळई लागते. बारा इंची घेतली तर ती आत पडते आणि मूठ तापून हातात धरवत नाही. सळया चपट्या घ्या. गोल सळईवर पनीर स्वतःभोवती फिरतं, सळई उलटवली तरी भाजलेली बाजूच खाली येते.

माशाला मात्र थेट जाळीवर ठेवण्यापेक्षा दोन पाटांची, मुठीची दुहेरी जाळी बरी. पुण्यात बोहरी आळीत अशा जाळ्या मिळतात. बांगड्याला तिरके चर द्यायचे, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवायचं. जाळी आधी कोरडी तापवायची. मग कांदा अर्धा चिरून काट्याला टोचायचा, तेलात बुडवायचा आणि तापल्या जाळीवर चरचर घासायचा. मागचं चिकटलेलं निघतं, जाळीला तेलाचा हात बसतो आणि वासही सुंदर येतो. मग मासा ठेवला की चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. साल जाळीपासून आपोआप सुटते तेव्हाच उलटवायचा. ही दुहेरी जाळी तुमच्या शेगडीवर सपाट बसते का, ते विकत घेण्याआधी बघा. मूठ कडेला अडली तर जाळी तिरकी राहते आणि एक मासा कच्चा राहतो.

झाकण हवं का? अख्खी कोंबडी किंवा मोठ्या तंगड्या करणार असाल तर हवंच, आणि त्याला वरून उघडझाप करता येईल असं भोक हवं. अख्खी कोंबडी पाच-सहा इंच उंच बसते, तेवढी उंची झाकणाखाली आहे का ते पाहा. फक्त मासे, कणसं, सळया करणाऱ्यांनी झाकणाला पैसे घालू नयेत. एखादं जाड पातेलं उपडं घातलं की भागतं. गॅसचं ग्रिल घेणार असाल तर निदान दोन बर्नर घ्या. एक बंद ठेवता आला, तर तीच तुमची थंड बाजू.

जागेचं माप सगळ्यांत शेवटी घेतलं जातं, खरं तर आधी घ्यावं. गच्चीवर शेगडी ठेवायची तर पाय उंच हवेत आणि खाली विटांचा थर हवा, नाहीतर वॉटरप्रूफिंगला धग लागते आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल उतरते. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे आणि मांडव यांच्यापासून दहा फूट लांब. चारी बाजूंनी फिरायला अडीच-तीन फूट मोकळे राहिले पाहिजेत, विशेषतः घरात मुलं असतील तर. फ्लॅटच्या काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवूच नका. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. माणूस झोपेत गेल्यासारखा बेशुद्ध होतो. खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही. फ्लॅटवाल्यांनी विजेचं ग्रिल घ्यावं. 2000 वॅटच्या ग्रिलला जवळपास नऊ अँपिअर वीज लागते, तेव्हा ते 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावायचं. पंख्याच्या किंवा मोबाईलच्या छोट्या सॉकेटवर नाही.

राहता राहिली भाऊबीज आणि डिसेंबरातली सुट्टी, जेव्हा घरात पंधरा माणसं असतात. त्या दोन दिवसांसाठी मोठी शेगडी विकत घेऊ नका. अंगणात किंवा शेतावर विटांची चूल मांडा. तीन बाजूंनी विटांचे तीन थर, मधे मधे बोटभर फट हवेला, चौथी बाजू कोळसा सारायला मोकळी. फॅब्रिकेशनवाल्याकडून 36 बाय 20 ची साध्या लोखंडी किंवा स्टीलच्या सळयांची जाळी करून घ्या. 720 चौरस इंच होतात. एक तृतीयांश मोकळी ठेवली तरी पहिल्या घाण्यात सोळा बांगडे आरामात. गॅल्व्हनाईझची चकचकीत जाळी मात्र घेऊ नका. तापली की जस्ताचा धूर निघतो आणि तो पोटात-छातीत जाणं वाईट. आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात, तिला तर जाळीही लागत नाही. मडकं, भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा एवढ्यावर काम होतं. माणसं वाढली की दुसरं मडकं लावायचं.

जेवणं झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो. झाकून ठेवा, रात्रभर विझू द्या. सकाळी राख पत्र्याच्या बादलीत काढा, प्लॅस्टिकच्या नाही, कारण राखेच्या पोटात जिवंत निखारा दुसऱ्या दिवशीही सापडतो. मे संपता संपता जाळ्या घासून, तेलाचा हात लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात घ्या. पावसात एक मोसम बाहेर राहिलेली लोखंडी जाळी पुढच्या दिवाळीला भंगारातच जाते.