भांडं घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक टाका

इंडक्शनसाठी भांडं घ्यायचंय? फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक घेऊनच दुकानात जा. बुडाला घट्ट चिकटला तर भांडं इंडक्शनवर चालेल. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियमकडे तो ढुंकूनही बघत नाही. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचे अणू छोट्या चुंबकांसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहू शकतात. बहुतेक धातूंत हे जमत नाही.

खरी गंमत स्टीलची. ३०४ या ग्रेडच्या, म्हणजे प्रकारच्या, स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडच सर्वाधिक, वर सुमारे ८ टक्के निकेल. तरी चुंबक घसरून पडतो. निकेलमुळे स्फटिकांची रचनाच बदलते आणि अणूंची ती शिस्त मोडते. ४३० स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतं, तिथे लगेच चिकटतो.

पण ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४’ असं दुकानदार म्हणाला तर मान डोलावू नका. स्वस्तातल्या २०२ स्टीललाही तो चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि ३०४ च्या वाटीच्या काठाशी किंचित ओढ जाणवली, तरी ती लगेच नकली ठरत नाही. पत्रा दाबून-वाकवून घडवताना थोडं चुंबकत्व येतंच.