क्रेटमधली ब्राह्मी: नाशिकच्या कोरड्या हवेत पाणथळीची वनस्पती कशी वाढवावी

घरच्या ब्राह्मीचा जीव बहुतेक वेळा चांगला निचराच घेतो. तळाला भोक, भोकावर खापरी, वर भुसभुशीत माती अशी कुंडी तुळशीला छान मानवते. ब्राह्मी मात्र त्याच कुंडीत नाशिकच्या मे महिन्यात दोन दिवसांत वाळते. ही ओढ्याकाठी आणि चिखलात पसरणारी वनस्पती. तिची मुळं वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतात आणि ती कायम ओली हवीत. त्यामुळे तिला कुंडी देण्याऐवजी एक छोटी पाणथळ जागाच करून द्यायची. त्यासाठी टोमॅटो-द्राक्षांचं जुनं प्लॅस्टिक क्रेट अगदी योग्य आहे.

आधी रोप ओळखा

रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की दोनपैकी काहीही हातात येऊ शकतं. आपल्याला हवी ती जलब्राह्मी. तिचं पान जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, जाडसर, बिनदेठाचं, टोकाकडे किंचित रुंद असतं. पानं समोरासमोर जोडीने येतात. खोड मऊ, रसाळ आणि जमिनीलगत पसरणारं. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं दिसतं. पान चावलं तर कडू लागतं. गोलसर, दातेरी कडांचं, लांब देठाचं पान दिसलं तर ती मंडूकपर्णी. तीही औषधीच आहे, पण तिला सावली जास्त आणि पाणी थोडं कमी लागतं.

मत्स्यालयाच्या दुकानातही जलब्राह्मीसारखी रोपं मिळतात. पान चुरडल्यावर लिंबासारखा वास आला तर ती तिची परदेशी बहीण समजा. तिथलं रोप खाण्यासाठी लावूच नये, पाण्यात काय काय घातलेलं असतं ते कळत नाही.

औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने प्रज्ञाशक्ती, सुबोधक, सिम-जागृती अशा जाती काढल्या आहेत. त्या शेतावर लागवड करणाऱ्यांच्या कामाच्या. घरासाठी ओळख पटलेलं एक निरोगी रोप पुरे.

आणि फुकट मिळते म्हणून नासर्डीच्या किंवा शहरातल्या कुठल्याही नाल्याच्या काठची ब्राह्मी उपटून आणू नका. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवते. दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे तो याच गुणामुळे. नुसतं धुऊन हे धातू जात नाहीत.

क्रेट तयार करणं

बाजार समितीत फिरणारं २० किलोचं क्रेट घ्या. त्याला जाळी असते, म्हणून आतून अस्तर हवं. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन प्लॅस्टिक कागदाचा उरलेला तुकडा सर्वांत टिकाऊ. तो नसेल तर जाड पॉलिथिनच्या दोन घड्या चालतील. कागद कोपऱ्यांत कापू नका, पाकिटासारखा दुमडा. कापलेला कोपरा गळतो, मग सगळा खटाटोप वाया.

कागदाला भोक तळाला पाडायचं नाही. तळापासून ५ सेंटिमीटर उंचीवर, लांब बाजूंना दोन-दोन, पेन्सिलीएवढी भोकं पाडा. खालचे ५ सेंटिमीटर कायम पाणी धरतील, जास्तीचं बाहेर जाईल. सगळा खेळ या उंचीचा आहे. भोक ८-१० सेंटिमीटरवर गेलं तर पावसाळ्यात माती आंबून कुबट वास येतो. २ सेंटिमीटरवर ठेवलं तर उन्हाळ्यात पाण्याचा साठा पुरत नाही.

तळाला खडी घालायची सवय इथे सोडा. खडीतून पाणी वर चढत नाही, म्हणजे खाली साठा असूनही वर मुळं कोरडी. तळापासून मातीच भरा.

मिश्रण असं: दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेली वाळू. २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायला साधारण ३० ते ३५ लिटर मिश्रण लागतं. नाशिकची काळी माती एकटी वापरू नका. ती ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. काळीच माती हाताशी असेल तर वाळू दुप्पट घ्या. कच्चं शेणखत घातलं तर तापून कोवळी मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्याही सोबत येऊ शकतात.

क्रेट जागेवर ठेवून मगच भरा. ओल्या मातीसकट ते ५० किलोंच्या पुढे जातं, नंतर हलवायला दोन माणसं लागतात. गच्चीवर ठेवणार असाल तर भिंतीच्या किंवा बीमच्या कडेला ठेवा.

लावणी

उत्तम वेळ जून अखेर ते जुलै, हवा ओलसर झाल्यावर. फेब्रुवारी अखेरीसही लावता येते, पण मग पहिल्याच उन्हाळ्यात तिला जपावं लागतं.

आठ-दहा सेंटिमीटरचे, चार-पाच पेरांचे शेंडे कापा. शक्यतो ज्यांच्या पेरांना पांढरी मुळं फुटू लागली आहेत असेच निवडा. खालच्या दोन पेरांची पानं काढून ती पेरं मातीत तिरपी दाबा. फांदी आडवी टाकून वर चिमूटभर माती घातली तरी जगते, कारण प्रत्येक पेर मूळ धरू शकतं. दोन काड्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एका क्रेटमध्ये १५ बसतात. लगेच भोकांतून पाणी येईपर्यंत भिजवा आणि आठवडाभर थेट ऊन लागू देऊ नका. आठ-दहा दिवसांत शेंड्याला नवी पानजोडी दिसली की मूळ धरलं असं समजा. काडी हलकेच ओढून बघण्याचा मोह टाळा, कोवळी मुळं त्यातच तुटतात.

पाणी आणि ऊन

मातीत बोट घाला. पहिल्या पेरापर्यंत चिखल लागला पाहिजे. पावसाळ्यात वेगळं पाणी क्वचितच लागतं. ऑक्टोबरच्या उन्हात रोज एकदा, थंडीत दोन-तीन दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. मात्र मातीवर पाणी उभं राहता कामा नये, त्यात डासांची अंडी होतात. भोकं बुजली आहेत का ते आठवड्याला काडी घालून तपासा.

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली हे बेस्ट. मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. तापमानापेक्षा दुपारचा कोरडा वारा जास्त नडतो, म्हणून पश्चिमेच्या बाजूलाही नेट खाली सोडा. उलट सावली फार झाली तर फांद्या लांबट होतात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि पानं विरळ पडतात.

नाशिकची थंडी हा दुसरा अडसर. निफाडकडे तर पारा बराच खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत ब्राह्मी वाढत नाही, पानं बारीक राहतात. ती मेली समजून खत ओतू नका. रात्री क्रेटवर जुनी चादर टाका, पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या. फेब्रुवारीच्या शेवटी ती आपोआप हलते.

काय बिघडतं आणि का

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुधा बोअरचं पाणी कारणीभूत. पाण्यातल्या चुन्याने मातीतलं लोह मुळांना मिळत नाही. कागदाच्या कडेला पांढरा थर धरलेला दिसेल. वरची २ सेंटिमीटर माती खरवडून गांडूळखत घाला आणि जमेल तितकं पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. युरियाने हा पिवळेपणा जात नाही.

खोडं बुडाशी काळी, लिबलिबीत होणं हे ऑगस्टचं दुखणं. सलग झड, ऊन नाही आणि पसरलेल्या ब्राह्मीची गादी दाट झालेली. कुजलेला भाग मुळासकट काढा, बाकीची गादी एक तृतीयांश विरळ करा, क्रेट पागोळ्यांखालून हलवा.

पानांना गोल खाचा आणि सकाळी चकचकीत रेघ म्हणजे गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन वेचा. गोगलगायीचं विषारी आमिष खाण्याच्या रोपात नको. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा, आणि तरीही राहिला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून संध्याकाळी.

लव्हाळा दिसताक्षणी काढा. एकदा त्याच्या गाठी ब्राह्मीच्या मुळांत गुंतल्या की दोन्ही एकत्रच उपटावं लागतं.

द्राक्षबागेशेजारी घर असणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा सपाटा असतो. त्या दिवसांत क्रेट आडोशाला न्या किंवा झाका. उरलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) ‘बुरशीला चांगलं’ म्हणून ब्राह्मीवर मारू नका, आणि औषधाच्या ड्रममधलं पाणी तिला कधीच नको.

कापणी आणि सुकवणी

जुलैची लावणी ऑक्टोबरात कापायला येते, साधारण तीन महिन्यांनी. बुडाशी ४-५ सेंटिमीटर ठेवून कात्रीने कापा. उपटलीत तर पुन्हा फुटणार नाही. कापल्यावर दोन मुठी गांडूळखत पसरा. पुढची कापणी दोन महिन्यांनी, पण ती थंडीत येत असेल तर मार्चनंतर ढकला.

पाला दोन-तीन पाण्यांनी धुऊन, सुती कापडावर एका थरात, सावलीत वाळवा. खोड रसाळ असल्याने ढीग केला तर आतून काळा पडून कुबट होतो. दिवसातून दोनदा उलटा. खोड वाकवलं की ‘कट्’ आवाज करून तुटलं पाहिजे. नुसतं वाकलं तर आणखी दोन दिवस थांबा. सुकल्यावर वजन आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं. काचेच्या घट्ट बरणीत, अंधारात ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा.

डोक्याला लावायचं तेल करायचं तर आयुर्वेदातलं प्रमाण सोपं आहे: एक भाग कल्क (ब्राह्मी वाटून केलेला गोळा), चार भाग तिळाचं तेल, सोळा भाग पाणी किंवा रस. म्हणजे ५० ग्रॅम कल्काला २०० मिली तेल आणि ८०० मिली पाणी. मंद आचेवर सतत ढवळा. कल्काची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, म्हणजे पाणी पूर्ण गेलं. इथे घाई केली तर तेल महिन्याभरात खवट होतं.

पोटात घेण्याचं मात्र वैद्यांना विचारून ठरवा. रिकाम्या पोटी मळमळ, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात. गरोदर बायका, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असलेले, नाडी मंद असलेले यांनी परस्पर सुरू करू नये.

वर्षाने गादी मधोमध विरळ होते, कारण जुनी खोडं लाकडासारखी झालेली असतात. पुढच्या जूनमध्ये कडेचे ताजे शेंडे कापून बाजूला काढा, क्रेट रिकामं करून नवं मिश्रण भरा आणि तेच शेंडे लावा. जुनी माती लव्हाळ्याच्या गाठी वेचून कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीत चालते.