स्पोर्ट्स फिजिओ व्हायचं असेल तर

कागदोपत्री वाट सरळ आहे: बारावीला जीवशास्त्र, नीट, बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), राज्याच्या परिषदेत नोंदणी, हवं तर पुढे क्रीडा विषयातलं दोन वर्षांचं एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी. टेपिंगच्या, म्हणजे सांध्याला आधाराची चिकटपट्टी बांधण्याच्या, प्रमाणपत्रांची चळत लावू नका. घोट्यावर 38 मिलिमीटरची कडक पट्टी बांधणं सरावाने येतं.

शिकत असतानाच एखाद्या कबड्डी संघाबरोबर, अनुभवी फिजिओच्या हाताखाली, अख्खा हंगाम काढा. संध्याकाळी सराव, रविवारी सामने, बहुधा फुकट. हे झेपत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं.

खरी गोम पुढे आहे: जखमी खेळाडूला पुन्हा मैदानात सोडायचं की बसवायचं?

चढाईत घोटा मुरगळलाय, सात मिनिटं उरलीत, प्रशिक्षक म्हणतात, “अहो, स्प्रे मारा आणि सोडा!” स्प्रेने दुखणं बधिर होतं, ताणलेलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) तसंच राहतं. आधी बूट काढा. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबत जा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असलेला उंचवटा आणि आतल्या कमानीवरचं हाड. यांपैकी कुठे दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. नवखे नेमके पुढच्या सुजेवर दाबतात. तिथे लिगामेंट असतं, दुखणारच, आणि हाडाची कड तपासायची राहून जाते.

हाड शाबूत म्हणजे खेळायला मोकळा, असं मुळीच नाही. सरळ धाव, एका पायावर उड्या, मग चढाईतली झटकन वळणं, याच क्रमाने करून घ्या. कुठेही लंगडला की बसवा. डोक्याला मार लागून गोंधळलेला दिसला तर चाचणीही नको. त्या दिवशी खेळ बंद.

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटच्या, शस्त्रक्रियेनंतर “सहा महिन्यांत मैदानात” असं कुणालाही सांगू नका. किमान नऊ महिने, आणि तेही मांडीची ताकद व एका पायाची उडी दुसऱ्या पायाच्या 90 टक्क्यांवर आली तरच. हा आकडाही फसवा असतो: बसून बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो.

हे वाद ऐन सामन्यात घालायचे नसतात. हंगामाच्या पहिल्याच दिवशी प्रशिक्षक आणि व्यवस्थापकाकडून लेखी घ्या की, बसवायचा निर्णय फिजिओचा. नकार मिळाला तर दुसरा संघ शोधा.