गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच दाबून ऐका

आमच्याकडे 1998 ची मारुती 800 आहे. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, बाबांनी घेतलेली. ते गेल्यापासून मीच चालवते. घर वाईत, नोकरी पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट रोजचा. डिसेंबरात सहलीच्या बसगाड्यांमागे हाफ क्लचवर चढताना जुन्या गाडीचा प्रत्येक आवाज कानात बसतो.

सहा वर्षांपूर्वी गाडी न्यूट्रलला उभी असताना बॉनेटखालून घरघर यायला लागली. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं आणि सांगितलं, "क्लच गेलाय." गिअरबॉक्स उतरला, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं पडलं. पैसे देऊन गाडी चालू केली तर तीच घरघर. महिनाभराने मी दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले. ते शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "ताई, क्लच दाबा." आवाज बंद. "आता सोडा." आवाज चालू. "हा क्लचचा नाही. बॉक्सच्या आतला आहे."

त्यांनी बॉक्स खोलला आणि इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची फिरकी बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाने फिरवलं तर आत बारीक रवा अडकल्यासारखं रखडत होतं. गोळ्या ज्या कड्यावरून फिरतात, त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. क्लचचा संच बदलून ते दुरुस्त होणारच नव्हतं. अर्ध्या मिनिटाची तपासणी आधी झाली असती, तर माझा एका वेळचा पूर्ण खर्च वाचला असता. ती तपासणी तुम्हाला करता यावी म्हणून हे सगळं लिहिते आहे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: पेडल हे बटण आहे. क्लच सोडलेला असताना इंजिनबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतो, गाडी न्यूट्रलला उभी असली तरी. क्लच पूर्ण दाबला की तो शाफ्ट एक-दोन सेकंदांत थांबतो आणि त्याऐवजी पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग फिरायला लागतं. म्हणजे आवाज आला त्या क्षणी काय फिरत होतं आणि काय थांबलं होतं, एवढं ठरवलं की निम्मं काम झालं.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. खिडक्या वर करा, पंखा-रेडिओ बंद, आणि पेडल हाताने सावकाश दाबा. हो, हातानेच. पायाला बुटाच्या तळव्यातून जे कळत नाही, ते बोटांना कळतं. सुरुवातीला पेडल अगदी हलकं जायला हवं, केबलवाल्या गाडीत साधारण दोनेक सेंटीमीटर. मग जड लागतं. हा हलका भाग म्हणजे प्ले. तो उरलाच नसेल, तर रिलीज बेअरिंग कायम घासत राहतं आणि अकाली जातं. फार जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. इंजिन बंद असतानाच दाबताना करकर ऐकू आली, तर ती पेडलच्या पिनेची, केबलची किंवा आतल्या फोर्कची, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दुबेळक्याची. पिनेला थोडं ग्रीस लावा, केबल खरखरीत ओढली जात असेल तर केबल बदला. एवढ्यावर बऱ्याच गाड्यांचा आवाज थांबतो.

आता इंजिन चालू करा. गाडी उघड्यावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. न्यूट्रल, पाय पेडलवरून पूर्ण बाजूला. घरघर किंवा गुरगुर येते आहे आणि क्लच दाबताच जाते आहे? मग माझ्या गाडीसारखं इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायला हवं. पण घरघर आणि खडखड यांत फरक करा. डब्यात चार चिंचोके हलवल्यासारखी कोरडी खडखड असेल आणि आयडलिंग किंचित वाढवल्यावर ती विरत असेल, तर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरचे दात एकमेकांवर आपटत असतात. जुन्या गाडीत ती थोडी असतेच. आधी आयडलिंग ठीक करा आणि ऑईलची पातळी बघा.

पुढची पायरी नाजूक आहे. पेडलवर पाय नुसता टेकवा, प्ले संपेल एवढाच. त्याच क्षणी शीळ किंवा चिरचिर सुरू झाली आणि पेडल सोडल्यावर गेली, तर ते रिलीज बेअरिंग. जोरात दाबल्यावर कधी हाच आवाज बदलतो, कधी दबतो, म्हणून एकदम शेवटपर्यंत दाबू नका. तीन-चार वेळा टेकवा, सोडा. पेडल पूर्ण खाली गेल्यावरच आवाज येत असेल आणि तुमच्या गाडीत फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) बाजूला इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग असेल, तर तेही संशयाच्या यादीत घ्या, कारण शाफ्ट थांबल्यावर त्याच्या आत-बाहेरच्या वेगात फरक पडतो.

मग रिव्हर्स. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सहसा सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळे घाईने टाकला की ‘खर्र’ होतोच, तो दोष नव्हे. क्लच पूर्ण दाबा, मनात पाच मोजा, मग टाका. तरीही खरखरला तर क्लच सुटत नाही, शाफ्ट अजून फिरतोच आहे. केबलची ॲडजस्टमेंट आधी बघा, ते पान्याचं काम आहे. रिव्हर्स नीट पडतो पण चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना करकरतो, बाकी गिअर गप्प, असं असेल तर दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असणार. खात्री करायची तर डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, परत क्लच दाबून दुसरा. अशाने तो अलगद पडला, तर अंदाज पक्का. बाबा घाटात दुसरा नेहमी असाच टाकायचे. मला ती त्यांची लकब वाटायची, कारण नंतर कळलं.

रस्त्यावरची परीक्षा मी सकाळी लवकर वाई-सुरूर रस्त्यावर घेते. घाटात कधीच नाही, आणि उतारावर न्यूट्रल तर मुळीच नको. प्रत्येक गिअरमध्ये त्याला झेपेल अशा वेगाला ऐका. ‘घूं’ असा सूर एकाच गिअरला लागत असेल, तर त्याच जोडीचे दात. सगळ्या गिअरना लागतो आणि वेगाबरोबर वर चढतो, असं असेल तर मागेपुढे कोणी नाही ना ते बघून सपाटीवर क्षणभर न्यूट्रल करा. सूर तसाच राहिला, तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारे गिअर) किंवा चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवून बघा: वजन उजव्या चाकांवर जातं, आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग. अँबॅसेडर, पद्मिनी, ऑम्नी अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत क्लच सोडताना ‘टण्ण’ वाजलं, तर प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा.

दोन आवाज गिअरबॉक्सवर उगाच ढकलले जातात. स्टिअरिंग पूर्ण वळवून मैदानात हळू फिरवताना टकटकटक येते ती ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. चाकामागचा रबरी बूट फाटून आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. आणि क्लच सोडताना ‘धप्प’ होऊन गिअरची दांडी पुढे-मागे उडत असेल, तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे त्याखालचं रबर, बसलेलं असतं.

ऑईलवर मात्र थोडं थांबते, कारण इथे नुकसान गुपचूप होतं. गाडी सपाट, इंजिन बंद. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, स्टँड लावा. आधी भरायचा, वरचा बोल्ट सुटतोय का बघा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा आधी उघडलात, तर बॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. वरच्या भोकाच्या काठापर्यंत बोटाला ऑईल लागलं पाहिजे. खालच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर काजळासारखा करडा लेप असणं साहजिक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले, तर बॉक्स उघडावा लागेल. ऑईलमध्ये सोनेरी चमक असेल, तर पितळी सिंक्रो रिंगा झिजताहेत. गॅरेजमध्ये सगळ्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात, पण डब्यावर पुढचं वाचा: जीएल हा ऑईलचा दर्जा, गाडीच्या पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल, तर जीएल-5 महाग आहे म्हणून चांगलं समजून टाकू नका. त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत, आणि ऑईल फार निसरडं असलं की सिंक्रोची पकडही सुटते.

आवाज नेमका कुठून, हे शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरने ऐका. टोक बॉक्सच्या आवरणावर, मूठ कानामागच्या हाडाला. ओढणी बांधून, केस वर घेऊन, पट्टा आणि पंख्यापासून लांब. शेजारच्याला क्लच दाबायला-सोडायला सांगा.

हे सगळं एका कागदावर लिहून मिस्त्रींना द्या: थंड की गरम, कोणता गिअर, पेडल वर की खाली. "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. बॉक्स उतरवायचाच ठरला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, कारण मजुरी तीच. जुने भाग पिशवीत परत मागा. आणि क्रँकचं मागचं सील (इंजिनाचं ऑईल क्लचकडे येऊ न देणारं) ओलसर दिसत असेल, तर तेही त्याच वेळी बदलून घ्या. प्लेटवर ऑईल गेलं, की नवा क्लचही चढावर सोडताना गाडी थरथरते.